धुऊन काढायची सवय

पोल्ट्रीत काम करणाऱ्या बाईला कसली किळस येत नसेल, असं लोक धरून चालतात. मला सगळ्याची येते. मेलेल्या कोंबडीची येते, जमिनीवर अंथरलेल्या ओल्या तुसाची येते, पाखरांच्या पाण्याच्या ड्रिंकरच्या तळाशी साचणाऱ्या हिरव्या गाळाची येते. पण कोंबडी मेली की निदान गप्प पडून असते. ती मला तोंडावर खोटं पाडत नाही. मला आयुष्यातली सगळ्यात मोठी शिसारी आली ती कॉम्प्युटरवरच्या एका ओळीची. ती ओळ सांगायची, या नावाचं मॉड्यूल इथे नाही. आणि ते मॉड्यूल मी नुकतंच, माझ्या या हातांनी, तिथे टाकलेलं असायचं.

आमचं घर सापगावात आणि पोल्ट्री मुरबाड रस्त्याला. मी तिथे शेडवर सुपरवायझर होते. सुपरवायझर म्हणजे काय, तर सकाळी पहिली फेरी मारायची, रात्रीत मेलेली पाखरं बादलीत गोळा करायची, ती मागच्या खड्ड्यात पडतात की नाही ते बघायचं, मग पाणी, खाद्य, पंखे. हाताखाली डोळखांबकडून आलेलं एक जोडपं असायचं, भात झोडून झालं की ते यायचे. त्यांचं काम चोख होतं, माझंही होतं. त्रास कामाचा नव्हता, वासाचा होता. तुसात मुरलेल्या घाणीचा वास आधी डोळ्यांत झोंबतो, मग केसांत शिरतो आणि तिथेच बिऱ्हाड करतो. शिकेकाई झाली, लिंबू झालं, उटणं झालं. माझ्या नवऱ्याने कधी तक्रार केली नाही, पण त्या बिचाऱ्याला बारा महिने सर्दी. त्याच्या नाकावर विसंबून मी स्वतःची समजूत काढत नव्हते.

लोक तोंडाने काही बोलत नाहीत, हे तर अजून वाईट. गावात एका हळदीला मी बायकांच्या रांगेत बसले. जात्याला हळद लावली, गाणी झाली, सगळं झालं. नंतर माझ्या ध्यानात आलं की रांग गच्च भरलेली आहे आणि माझ्या दोन्ही बाजूंना मात्र एकेक बाई बसेल एवढी जागा मोकळी आहे. मुद्दाम कोणी सोडली नव्हती. आपोआप सुटली होती. त्याच आठवड्यात आठवीतल्या माझ्या मुलीने शाळेतली पालकसभा सांगितली आणि बूट काढता काढता म्हणाली, "ड्युटीवरून डायरेक्ट येऊ नको हां, आई. नायतर बाबांना पाठव." मी हो म्हटलं. त्या दिवशी मला माझ्या पगाराची, माझ्या पदाची आणि आख्ख्या कोंबडीजातीची किळस आली.

म्हणून मुरबाडच्या ऑफिसात नोकरीची जागा निघाली तेव्हा मी लगेच हात वर केला. आमच्या मालकाची तिकडे अंड्यांतून पिल्लं काढायची हॅचरी आहे, आणि हॅचरीच्या अलीकडे, चांगलं लांब, ऑफिस. एसी, काचेचं दार, बसायला फिरती खुर्ची. प्रत्येक शेडमध्ये भिंतीवर तापमान नोंदवणारं एक यंत्र असतं. त्याच्या फाइली ऑफिसात जायच्या आणि तिथला एक माणूस दिवसभर बसून त्या एकत्र करायचा. तो नोकरी सोडून गेला. ऑफिसच्या साहेबांनी सगळ्या शेडवर निरोप धाडला की या फाइली आपोआप एकत्र करून कुठली शेड कधी तापली हे दाखवणारा छोटासा प्रोग्राम कोणाला लिहिता येत असेल तर सांगा. महिन्याच्या मीटिंगला मुरबाडला यायचं, ऑफिसच्या मशीनवर चालवून दाखवायचा. चालला तर जागा त्याची. कल्याणकडचा एक डिग्रीवाला पोरगाही येणार होता. मला तेव्हा एवढंच कळत होतं की त्या काचेच्या दाराच्या आत वास नाही.

मी शहापूरला एसटी स्टँडजवळच्या क्लासला नाव घातलं. क्लास म्हणजे एका कपड्याच्या दुकानावरची खोली, चिकट माउस, आणि सर. सर हुशार होते यात वाद नाही, पण सरांकडे प्रत्येक दुखण्याला एकच औषध होतं. काहीही विचारा, ते दुसऱ्याच्या स्क्रीनकडे बघत बघत म्हणायचे, पाथ बघा, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये ते कुठे ठेवलंय तो पत्ता बघा. फाइल उघडत नाही, पाथ बघा. प्रोग्राम चालत नाही, पाथ बघा. पुढच्या बाकावरच्या मुलीने पंखा बंद झाल्याचं सांगितलं तेव्हाही ते पाथ बघा म्हणतील असं मला वाटलं होतं. मी त्यांचं बोलणं कानाआड करायला शिकले. लूप शिकले, यादी शिकले, पायथनमध्ये, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या भाषेत, दोन फाइलींची बेरीज करायला शिकले. बोटं जाड, इंग्रजी बेतास बात, पण डोकं चालत होतं. खूप वर्षांनी ते नुसतं पाखरं मोजण्यापलीकडे चालत होतं.

लॅपटॉप जुना घेतला. आधी तो कुठल्याशा कॉलेजच्या पोराकडे होता, झाकणावर त्याने चिकटवलेली कवटीची चित्रं अजून होती. ती मी चाकूने खरवडली. आत काय काय होतं ते मात्र मला दिसत नव्हतं, म्हणून खरवडलं नाही. मी आपलं क्लासमध्ये सांगितलं तसं नवीन पायथन उतरवून घेतलं, प्रोग्राम लिहायची पांढरी खिडकी आधीच होती, आणि कामाला लागले.

तापमानाच्या फाइली एक्सेलच्या. त्या वाचायला एक मॉड्यूल लागतं. म्हणजे दुसऱ्या कोणी तरी लिहून ठेवलेला तयार तुकडा, तो आपण आपल्या प्रोग्राममध्ये बोलावून घ्यायचा. त्याचं नाव असलं अघोरी की उच्चारताना दाताखाली खडा येतो. हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप केला, मॉड्यूल उतरलं, खाली ओळ उमटली, व्यवस्थित बसलं. मी खूश. प्रोग्रामच्या खिडकीत येऊन चालवायचं बटण दाबलं. उत्तर आलं, या नावाचं मॉड्यूल नाही.

मला आधी वाटलं माझंच काही चुकलं. नाव अक्षर अक्षर लावून पाहिलं, बरोबर होतं. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच. काळी खिडकी म्हणते बसलं, पांढरी खिडकी म्हणते नाही. एकाच लॅपटॉपमध्ये, वीतभर अंतरावर, दोघी माझ्यासमोर एकमेकींना खोटं पाडत होत्या, आणि दोघींच्या आवाजात तोच थंड सरकारी सूर.

अशा वेळी दुसऱ्या कोणी काय केलं असतं मला माहीत नाही. मी पोल्ट्रीची बाई. आमच्याकडे काही बिघडलं की विचार करत बसायची पद्धत नाही. रोग शिरला, की सगळं बाहेर. पाखरं बाहेर, तूस खरवडून बाहेर, जमीन धुवायची, भिंतींना चुना, वरून औषध फवारायचं, शेड रिकामी ठेवायची आणि मग नव्याने सुरुवात. एक पीस राहता कामा नये. पाखरांची बॅच विकून उठली की दरवेळी हेच. हे माझ्या हाडीमाशी इतकं भिनलेलं की मी लॅपटॉपवरही तेच केलं. पायथन काढून टाकलं. पायथनचा उरलेला फोल्डर पुसला. उतरवलेल्या फाइली पुसल्या. कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली. मग गच्चीवर टाकीजवळ, जिथे मोबाइलला रेंज येते तिथे बसून सगळं नव्याने उतरवलं. पायथन बसलं, मॉड्यूल बसलं, बटण दाबलं. या नावाचं मॉड्यूल नाही.

हे मी किती वेळा केलं ते सांगायची लाज वाटते. ड्युटीवरून यायचं, अंघोळ करायची, गच्चीवर जायचं, धुऊन काढायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा तीच ओळ. रोजचा नेट पॅक उतरवण्यातच संपायचा. उरलेल्या नेटवर मी उपाय शोधायचे, आणि ते तर त्याहून ओंगळ. व्हिडिओतला माणूस आधी नमस्कार करणार, मग आपल्या चॅनेलचं कौतुक, मग स्वतःच्या मशीनवर एका झटक्यात चालवून दाखवणार आणि हसणार. त्याच्या मशीनवर चालतं हे मला माहीतच होतं. लिहिलेले सल्ले वाचले तर तिथे माझ्यासारखाच कुणीतरी रडवेला होऊन प्रश्न विचारलेला, आणि खाली दहा पंडित त्याला सांगतायत की हा प्रश्न आधी विचारून झालाय. अरे, झालाय तर झालाय, दारात आलेल्या माणसाला असं हाकलतात का. मला त्या सगळ्यांना एकेक दिवस शेडवर ठेवावंसं वाटलं, मे महिन्यात, पंखे बंद करून.

सरांना विचारलं. सर एका पोराची फी घेत होते. म्हणाले, पाथ बघा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पिशवी उचलली आणि चहा न पिता सापगावची रिक्षा पकडली.

याच दिवसांत घरात एक गोष्ट घडत होती, तीही सांगायला हवी. लॅपटॉप मी शेडवर न्यायचे, दुपारी जेवणाच्या सुट्टीत फाइली भरायला. मुलीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी तोच लॅपटॉप लागायचा. ती बसायच्या आधी कपाटातून सॅनिटायझरची बाटली काढायची, फडक्यावर दोन थेंब घ्यायची आणि लॅपटॉप पुसायची. झाकण, कडा, मग एकेक बटण. माझ्यासमोर. तिला मी काय बोलणार. ती रांगत होती तेव्हापासून मीच तिला शिकवलेलं की आई बाहेरून आली की तिला शिवायचं नाही, आधी आई धुऊन येते, मग घेते. माझी डब्याची पिशवी वेगळी, टॉवेल वेगळा, साबण वेगळा. हे सगळे नियम माझेच. पण ते फडकं मी दाबलेल्या बटणांवरून फिरताना बघून मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी प्रोग्राम चालवायला घ्यायचे, आणि तो चालायचा नाही.

मीटिंग जवळ आली. आणि ऐन वेळी टॉवरला काहीतरी झालं, सापगावात नेट गेलं ते दिवसभर आलंच नाही. मी सवयीने सगळं पुसायला घेतलं होतं. हात थांबला, कारण पुसलं तर भरायला काही नव्हतं. म्हणजे आता आहे त्या घाणीतच बसायचं. चरफडत मी काळ्या खिडकीत पुन्हा तोच हुकूम दिला, नुसता राग काढायला. ती म्हणाली, हवं ते आधीच आहे. आणि पुढे, नेहमी मी न वाचता सोडून देते त्या भागात, ते कुठे आहे त्याचा लांबलचक पत्ता लिहिला होता. मग पांढऱ्या खिडकीत बटण दाबलं. तिनेही नाही म्हणायच्या आधी एक लांबलचक ओळ छापली, की मी हा प्रोग्राम कुठल्या पायथनने चालवतेय. तीसुद्धा मी कधी वाचली नव्हती. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून दोन्ही ओळी वाचल्या. फोल्डर वेगळे होते. पायथनचे आकडे वेगळे होते.

लॅपटॉपमध्ये दोन पायथन होती.

एक माझं, जे मी रोज उपटून रोज लावत होते. आणि एक त्या कवटीवाल्या पोराचं, जुनं, कोपऱ्यात दडलेलं, जे मी कधी पाहिलंच नव्हतं म्हणून कधी पुसलंही नव्हतं. मॉड्यूल बसायचं माझ्यात. चालवायचं बटण मात्र त्या पोराच्या पायथनला बांधलेलं. त्यात ते मॉड्यूल नव्हतंच. दोन्ही खिडक्या अक्षरशः खरं बोलत होत्या.

हे मला कळायला इतके दिवस लागावेत याचा मला भयंकर संताप आला, कारण हेच तर मी रोज करत होते. आमच्या प्रत्येक शेडच्या दाराशी त्या शेडची चप्पल असते. एक नंबरची चप्पल घालून दोन नंबरमध्ये पाऊल टाकायचं नाही, एक नंबरची बादलीही दोन नंबरमध्ये न्यायची नाही. एका शेडमध्ये खाद्य ओतलं म्हणून दुसऱ्या शेडची पाखरं जेवत नाहीत. नवीन माणसाला हे मी पहिल्या दिवशी सांगते. आणि मी स्वतः इतके दिवस एक नंबरमध्ये खाद्य ओतून दोन नंबरच्या पाखरांवर डाफरत होते. आणि वर एक नंबर रोज धुऊन काढत होते.

खिडकीच्या खाली कोपऱ्यात कुठलं पायथन वापरायचं ते निवडायची जागा होती. माझं निवडलं. बटण दाबलं. फाइली वाचल्या गेल्या, एकत्र झाल्या, आणि आमची दोन नंबरची शेड कुठल्या दुपारी तापली होती ते पडद्यावर आलं. मला आनंद झाला असं लिहायला हवं. खरं सांगायचं तर मला माझीच किळस आली. पाथ बघा. सर पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होते, म्हणून तर तो माणूस अजूनच डोक्यात गेला. दोन वाक्यं जास्त बोलायला त्यांना काय झालं होतं.

मीटिंगला मी नवी साडी नेसून, केसांना दोनदा शाम्पू करून, पेन ड्राइव्ह घेऊन मुरबाडला गेले. कल्याणचा पोरगा आधी बसला. त्याचा प्रोग्राम चांगला होता, त्याने रंगीत आलेखही केले होते. पण ऑफिसच्या मशीनवर त्याला ती ओळ आली. या नावाचं मॉड्यूल नाही. तो हसला, मग घाबरला, मग म्हणाला माझ्या लॅपटॉपवर चालतंय सर, दाखवू का. साहेब म्हणाले, लॅपटॉपवर नको, इथे चालायला हवं. तो खाटखूट करत राहिला आणि शेवटी उठला. त्याच्या पाठीला घामाचा डाग होता. त्याच्याबद्दल मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

मी बसले. बटण दाबलं. मलाही तीच ओळ. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले की मशीनच बिघडलंय बहुतेक, सगळं काढून टाकून नव्याने टाका, आपण पुढच्या महिन्यात बघू. पुढचा महिना म्हणजे मधली आख्खी बॅच, पुन्हा बादली, पुन्हा खड्डा. मी माउसवरचा हात काढला नाही.

"काही पुसू नका, साहेब," मी म्हणाले. "मला आधी बघू दे काय आहे ते."

मी ती लांबलचक ओळ वाचली. हे मशीन कुठल्या पायथनने चालवतंय ते बघितलं. त्याचाच पत्ता काळ्या खिडकीत लिहून त्याच पायथनला सांगितलं की हे मॉड्यूल तुझ्यात घे. नेट चांगलं होतं, लगेच बसलं. बटण दाबलं आणि शेडची यादी पडद्यावर उतरली, तापलेली शेड सगळ्यात वर. साहेबांनी चष्मा लावून वाचलं आणि पुढच्या एक तारखेपासून या म्हणाले. रंगीत आलेख त्यांनी त्या पोराकडून मागून घेतले, तेवढा व्यवहार त्यांना कळतो.

मी आता काचेच्या दाराच्या आत बसते. शेडवरचे कपडे डोळखांबच्या बाईला दिले, चपला तिथेच ठेवल्या. पहिला आठवडा मी दर तासाला स्वतःचा पदर हुंगून बघायचे, कोणी बघत नाही असं पाहून. वास नव्हता. केसांतला जायला जास्त दिवस लागले, पण तोही गेला. नवऱ्याची सर्दी मध्ये एकदा उतरली होती, तेव्हा त्याला विचारून खात्री करून घेतली. लॅपटॉप आता शेडवर जात नाही, घरातच असतो. मी त्याच्या फटीसुद्धा कापसाने साफ केल्यात.

परवा रविवारी मी सोफ्यावर बसून पुढच्या आठवड्याच्या फाइली बघत होते. मुलीला प्रोजेक्ट करायचं होतं. मी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. ती उठली, कपाट उघडलं, सॅनिटायझर काढला, फडक्यावर दोन थेंब घेतले आणि पुसायला लागली. झाकण, कडा, मग एकेक बटण. मी बघत राहिले.

"आता कशाला पुसतेस गो?" मी विचारलं. "आता मी नाय ना जात शेडवर."

"माहितेय," ती म्हणाली. तिने वर पाहिलं नाही, तिच्या आवाजात रागही नव्हता. "हात आपोआप जातो."

बटणं झाली तशी तिने फडकं घडी करून बाटलीखाली ठेवलं. मग ती माझ्या शेजारी येऊन बसली, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून, आणि टाइप करायला लागली.